पंगत आणि वाढपी : सागरप्रवासाच्या कथनातील समाज

जहाज म्हणजे जगाची लहान प्रतिकृती, हे विधान समीक्षेत इतक्या वेळा आले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज आता कुणाला वाटत नाही. सेबास्टियन ब्रँटच्या १४९४ मधील जर्मन काव्यापासून 'मूर्खांचे जहाज' हे रूपक युरोपीय साहित्यात रूढ झाले. कॅथरिन अ‍ॅन पोर्टर यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीला 'शिप ऑफ फूल्स' हे नाव त्यावरूनच दिले, आणि आपणही त्या जहाजावरचे एक उतारू आहोत असे प्रस्तावनेत म्हटले. समीक्षेने ही सूचना जवळजवळ आज्ञेसारखी पाळली : 'व्हेरा' हे जहाज म्हणजे जग आणि तिच्यावरचे उतारू म्हणजे मानवजात. प्रस्तुत लेखात या वाचनाबद्दल शंका घ्यावयाची आहे. रूपक सर्वांना एका जहाजात बसवते. कादंबरी मात्र कोण कोणत्या टेबलाशी बसला आहे, हे सांगण्यातच अधिक रमते.

दीर्घ सागरप्रवासातील समाज हा विलक्षण समाज असतो. त्यातल्या उतारूंना काम नसते. नातीगोती आणि शेजार किनाऱ्यावर राहिलेले असतात. आणि हा सहवास कोणत्या बंदरात संपणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. श्रम आणि परिणाम ही समाजजीवनाची दोन्ही अंगे वजा झाल्यावर जे उरते ते केवळ सामाजिकपण : परिचय, कुजबुज, खेळ, आणि सर्वांत मुख्य म्हणजे बैठकीचा क्रम. शिवाय हा समाज आधीच चाळून घेतलेला असतो. मार्क ट्वेन यांच्या 'द इनोसंट्स अब्रॉड' (१८६९) या पुस्तकातील 'क्वेकर सिटी' हे जहाज जून १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून निघाले आणि भूमध्य समुद्र व पवित्र भूमी पाहून नोव्हेंबरमध्ये परतले. प्रवासभाडे १२५० डॉलर होते, आणि अर्जदारांतून उतारू निवडण्यासाठी समितीही होती. डेकवर नाच आणि खाली दिवाणखान्यात प्रार्थनासभा, अशी तेथील संध्याकाळ. जहाज कलले की नाचणारे सगळे एका बाजूच्या कठड्याकडे घसरत. ट्वेन यांचा विनोद या चाळणीवरच उभा आहे. बहुतेक सर्व उतारू वयस्क, धार्मिक आणि स्वतःवर प्रसन्न आहेत. जगाची प्रतिकृती म्हणावे असे त्यांच्यात काहीच नाही.

पोर्टर यांच्या कादंबरीतही भोजनगृह हीच मध्यवर्ती जागा आहे. येथे आपल्या भाषेतील एक शब्द उपयोगी पडतो : पंक्तिप्रपंच. पंगत दिसायला समतेची असते; सर्वांची पाने एका रांगेत असतात. भेद असतो तो कोण कुणाशेजारी आणि कुणाला काय वाढले यांत. 'व्हेरा'चा २२ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर १९३१ हा व्हेराक्रूझ ते ब्रेमरहाफेन प्रवास म्हणजे अशा पंक्तिप्रपंचाची सत्तावीस दिवसांची कथा आहे. कॅप्टनच्या टेबलाशी प्रतिष्ठित जर्मन उतारू. लोवेन्थाल हा ज्यू व्यापारी दुसरीकडे एकटाच. त्याचा व्यवसाय कॅथलिक पूजावस्तू विकण्याचा, हा उपरोध लेखिकेने मुद्दाम योजला आहे. फ्रायटाग या जर्मन तरुणाची पत्नी ज्यू आहे, ही गोष्ट तो मिसेस ट्रेडवेलला विश्वासाने सांगतो. तिच्या तोंडून ती तिच्या खोलीतल्या सोबतिणीकडे जाते आणि तेथून कॅप्टनपर्यंत पोहोचते. फ्रायटागची जागा बदलून त्याला लोवेन्थालच्या टेबलाशी बसवले जाते. शिष्टाचाराचा कोठेही भंग न होता एक माणूस अपांक्तेय ठरतो.

या प्रसंगाचे मोल त्याच्या मितव्ययात आहे. कथेचा काळ १९३१ आणि वाचकाचा १९६२ किंवा त्यानंतरचा. मधल्या तीस वर्षांत काय घडले ते वाचक जाणतो, आणि लेखिका ते सांगत नाही. पुढे शासनयंत्रणेने जे केले त्याची तालीम येथे सुशिक्षित माणसे जेवणाच्या वेळी, कुणी फर्मावले नसताना करीत आहेत. लोवेन्थालही नव्या सोबत्याचे स्वागत करीत नाही. ज्यू स्त्रीने परधर्मीयाशी लग्न करावे हे त्याला मान्य नाही. म्हणजे बहिष्कृताच्या टेबलाशीही पंगत आहेच. 'आपण सारेच मूर्ख' या निष्कर्षात हा तपशील विरून जातो. दोष सर्वांचा म्हटला की तो कुणाचाच राहत नाही. रूपकात्मक वाचनावर मुख्य आक्षेप आहे तो हाच.

परंतु हाच आक्षेप कादंबरीच्या निवेदनावरही घ्यावा लागतो. हॅव्हानात ८७६ स्पॅनिश मजूर जहाजावर चढवले जातात. क्यूबातील साखरेचा धंदा कोसळल्याने त्यांना परत पाठवले जात आहे. वरच्या वर्गातील प्रत्येकाच्या खोलीत आणि मनात शिरणारी निवेदिका या माणसांकडे मात्र वरच्या कठड्यावरूनच पाहते. तिथे नावाने भेटतो तो मुख्यतः एचेगाराय हा लाकूड कोरणारा बास्क. वरच्या वर्गातली दोन खोडकर मुले एका दांपत्याचा कुत्रा समुद्रात फेकतात; त्याला वाचवायला एचेगाराय उडी घेतो. कुत्रा वाचतो, माणूस बुडतो. प्रसंग परिणामकारक आहे यात वाद नाही. पण खालच्या डेकवरच्या माणसाला नाव मिळण्यासाठी मरावे लागते, हे कादंबरीच्या रचनेविषयी बरेच काही सांगते.

मिशेल फूको यांनी १९६७ च्या एका व्याख्यानात (प्रकाशन १९८४) जहाजाला 'अन्यस्थळा'चे सर्वश्रेष्ठ उदाहरण मानले : स्थळ असूनही स्थानहीन, स्वतःत बंदिस्त आणि तरीही अथांगाच्या स्वाधीन. ही कल्पना मोहक आहे. मात्र ती जहाजाकडे बाहेरून पाहते. ज्याला जहाजावर पाळी भरायची आहे त्याच्यासाठी ते अन्यस्थळ नसून कामाची जागा असते. पंगतीत बसलेल्यांची चर्चा आपण केली, वाढप्याचे काय?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या जहाजांवर भोजनगृहात आणि मुदपाकखान्यात गोव्याचे लोक मोठ्या संख्येने होते. डेकवर व इंजिनघरात राबणाऱ्या खलाशांत कोकणातलेही अनेक होते. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात, आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या 'कुडां'मध्ये गोव्याचे हे दर्यावर्दी पुढच्या जहाजाची वाट पाहत राहत. कोकणी तियात्राने या तारवटीला गाण्यांत आणि नाटकांत जागा दिली; मराठी समीक्षेने सागरप्रवासाचा विचार केला तो मात्र बहुधा तिकीट काढून गेलेल्यांच्या प्रवासवर्णनांवरून.

वाढपी प्रत्येक टेबलाशी जातो. कोणाचे पान कोठून उचलून कोठे मांडले गेले, हे पंगतीतल्या कुणाहीपेक्षा त्याला अधिक नेमके ठाऊक असते. पोर्टर यांच्या कादंबरीत फ्रायटागची जागा बदलली जाते तेव्हाही नव्या टेबलाशी ताट कुणीतरी मांडले असणारच. त्या हातांच्या बाजूने ही कादंबरी पुन्हा वाचली, तर जहाज हे जग आहे की नाही हा प्रश्न गौण ठरतो. त्या जगाचे बैठकीचे नियम कुणी केले आणि ते कुणाकडून राबवून घेतले, हा प्रश्न पुढे येतो. आणि तो विचारण्याची सोय या कादंबरीने, स्वतःच्या मर्यादांसह, करून ठेवली आहे.