दरबारी कारस्थानाची कादंबरी : ‘स्वामी’ आणि उरणच्या बेटाचा प्रश्न

राजदरबारातील कारस्थान हा ऐतिहासिक कादंबरीचा जुना व आवडता विषय होय. सत्ता आणि नातेसंबंध या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वाड्यात नांदतात; त्यामुळे राजकीय संघर्षाला कौटुंबिक नाट्याचे रूप देणे लेखकाला सहज साधते. परंतु ही सुलभताच कित्येकदा घातक ठरते. कारस्थानाचे मूळ एखाद्या पात्राच्या मत्सरात, लोभात किंवा दुबळेपणात दाखविले, की वाचकाचे समाधान होते. ते कारस्थान शक्य कशामुळे झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतात. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीचा विचार या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने करणे उपयुक्त ठरेल.

तुलनेसाठी युरोपातील फ्रँक राज्याचे उदाहरण घेता येते. सहाव्या शतकात तेथील मेरोव्हिंजियन घराण्यात ब्रुनहिल्ड आणि फ्रेडेगुंड या दोन राण्यांचे वैर पेटले. ब्रुनहिल्डची बहीण गाल्सविंथा हिचा खून झाला आणि तिचा पती चिल्पेरिक याने फ्रेडेगुंडशी विवाह केला. पुढे ५७५ मध्ये ब्रुनहिल्डचा पती सिगेबर्ट हाही मारेकऱ्यांच्या हातून मारला गेला. या हकिकतीचा मुख्य आधार म्हणजे तूर येथील बिशप ग्रेगरी याचा ग्रंथ. ग्रेगरी हा चिल्पेरिकच्या पक्षाचा विरोधक होता, हे विसरून चालत नाही. ओग्युस्तँ त्येरी याने १८४० मध्ये या काळावर रसाळ कथने लिहिली आणि फेलिक्स डान याने फ्रेडेगुंडवर कादंबरी रचली. दोन स्त्रियांचा सूड म्हणून ही कथा वाचणे सोपे आहे. पण ६१३ मध्ये ब्रुनहिल्डचा अंत झाला तो केवळ वैरामुळे नव्हे. तिच्याच बाजूच्या सरदारांनी पक्ष बदलला म्हणून. पुढील वर्षी विजयी क्लोथारने पॅरिस येथे काढलेल्या आज्ञापत्रात सरदार व धर्मगुरू यांच्या हक्कांना मान्यता दिली. राजवाड्याचा कारभारी उत्तरोत्तर प्रबळ होत गेला आणि ७५१ मध्ये पिपिन या कारभाऱ्याने अखेरच्या मेरोव्हिंजियन राजाला दूर सारून स्वतःच राज्यपद घेतले. राण्यांचे वैर ही या कथेची ठिणगी. इंधन मात्र राज्याच्या घडणीतच साठलेले होते.

मराठी राज्याच्या अभ्यासकाला ही घडण अपरिचित वाटणार नाही. सातारच्या छत्रपतींच्या नावाने पेशव्यांनी कारभार करावा आणि पुढे पेशव्यांच्या नावाने कारभाऱ्यांनी, ही अठराव्या शतकातील परिस्थिती होती. अर्थात पिपिनप्रमाणे पेशव्यांनी राज्यपद घेतले नाही, हा भेद मोठा आहे. १७१३ पासून पेशवेपद एकाच घराण्यात चालत आले, तरी पुतण्या अल्पवयी असता चुलत्याचा अधिकार किती, याचा निर्विवाद नियम ठरलेला नव्हता. १७६१ मध्ये पानिपतानंतर नानासाहेबांचे निधन झाले, तेव्हा माधवराव अवघे सोळा वर्षांचे होते. रघुनाथरावांची महत्त्वाकांक्षा या पोकळीत वाढली. ती स्वभावदोषातून जन्मली असे मानले, तरी तिला अवकाश दिला तो व्यवस्थेने.

‘स्वामी’चे सामर्थ्य वेगळ्या ठिकाणी आहे. या कादंबरीची रचना दोन नात्यांवर उभी आहे : चुलते-पुतणे आणि पती-पत्नी. आळेगावची शरणागती (१७६२), धोडपची लढाई (१७६८) आणि थेऊर येथील मृत्यू (१८ नोव्हेंबर १७७२) या घटनांतून माधवरावांच्या कर्तव्यनिष्ठेची कसोटी लागत जाते आणि रमाबाईंच्या सहगमनाने कथेला शोकात्म पूर्णता येते. कारस्थान येथे नायकाच्या संयमाला पारखणारी कसोटी म्हणून येते. त्यामुळे करुणरस उत्कट होतो. १९६४ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने आणि वाचकांच्या अखंड प्रेमाने या यशावर मोहर उमटविली आहे.

मात्र याच रचनेमुळे एक मर्यादा निर्माण होते. कारस्थान नायकाची कसोटी म्हणून योजले गेले, की त्याचे बाहेरचे टोक दृष्टीआड होते. १७६७ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांचा वकील टॉमस मॉस्टिन पुण्यास आला. साष्टी व वसई मिळविण्याची मुंबईकरांची इच्छा तेव्हा जुनीच झाली होती. त्याच सुमारास त्यांनी नाशिकला रघुनाथरावांकडेही माणूस धाडला होता. पुढच्याच वर्षी धोडपचा प्रसंग घडला. म्हणजे माधवरावांच्या हयातीतच घरच्या भांडणाला बाहेरचे गिऱ्हाईक उभे राहिले होते. चुलत्या-पुतण्यांच्या वैराला त्यामुळे जी धार आली, ती केवळ स्वभावचित्रणाने प्रकट होणारी नव्हे.

या गिऱ्हाइकाने मागितलेला माल कोणता, हे पाहण्यासाठी पुण्याहून नजर काढून मुंबई बंदराच्या पूर्वेकडील किनाऱ्याकडे वळवावी लागते. उरण हे गाव ज्या भूभागावर वसले आहे, त्याला त्या काळच्या कागदपत्रांत करंजाचे बेट म्हणतात. द्रोणागिरीचा डोंगर, मिठागरे आणि मुंबईसमोरची मोक्याची जागा हे त्याचे महत्त्व. पोर्तुगीजांकडून हा प्रदेश चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात मराठ्यांकडे आला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. बारभाईंनी रघुनाथरावांना बाजूस सारले आणि ते इंग्रजांच्या आश्रयाकडे वळले. तह पुरा होण्याचीही वाट न पाहता इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला जिंकला आणि त्याच मोहिमेत करंजाही त्यांच्या ताब्यात गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी साष्टी, वसई व लगतची बेटे देऊ केली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली. साष्टी, घारापुरी आणि करंजा मात्र इंग्रजांकडेच राहिली. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते नोव्हेंबर १८१७ मध्ये. उरणचा मिठागरवाला आणि कोळी त्याआधी चार दशकांहून अधिक काळ परकी अंमल पाहत होता.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘स्वामी’ १७७२ मध्ये संपते. त्यानंतरच्या घटनांचा जाब तिला का विचारावा? लेखकाला आपल्या विषयाची सीमा आखण्याचा अधिकार आहे, यात शंका नाही. परंतु कथा कोठे संपवावी, हा निर्णयही अर्थगर्भ असतो. थेऊरला कथा थांबली, की माधवरावांचा मृत्यू हा एका थोर जीवनाचा अंत ठरतो. तोच मृत्यू करंजाच्या हस्तांतराची पूर्वपीठिका म्हणून पाहिला, तर त्या मृत्यूने काय गेले याचे मोजमाप मिळते. शोकात्मिकेला असे मोजमाप लागते. नायकाच्या जाण्याने घर रिकामे झाले, एवढेच दाखवून भागत नाही. राज्याच्या भिंतीला कोणती भेग पडली, हेही सूचित व्हावे लागते. म्हणून हा आक्षेप इतिहासाच्या बाजूने नसून कलेच्या बाजूने आहे.

खलनायिकेच्या कल्पनेविषयीही हेच म्हणता येईल. ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आनंदीबाईंना मराठी मनात फ्रेडेगुंडच्या शेजारी नेऊन बसविते. एका अक्षराने राज्य बुडाले असे मानण्यात कथेची सोय असते. पण गारद्यांचा थकलेला पगार, सरदारांची तटस्थता आणि कारभाऱ्यांचे हिशेब यांची चौकशी त्यामुळे थांबते.

ना. सं. इनामदार यांची ‘झेप’ (१९६३) या दृष्टीने पूरक वाचन ठरते. तिचा नायक त्रिंबकजी डेंगळे हा राजा नव्हे, कारभारी आहे. आणि १८१५ मधील गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा विषय निवडताच पुण्यातील इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन कारस्थानाच्या आतच येऊन बसतो. त्रिंबकजींना कैदेत ठेवले गेले ते ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे १७७४ मध्ये हातचा गेलेल्या त्याच किल्ल्यात. एका पिढीच्या कारस्थानात गमावलेली जागा दुसऱ्या पिढीचा तुरुंग होते, हा संबंध दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्याखेरीज ध्यानात येत नाही.

‘स्वामी’चे वाङ्मयीन मूल्य या विवेचनाने उणे होत नाही. वाड्यातील माणसांचे दुःख तिने जितक्या आत्मीयतेने मांडले, तितके मराठीत क्वचितच मांडले गेले आहे. परंतु त्या कादंबरीने घालून दिलेला मार्ग पुढे पुष्कळांनी अनुसरला आणि राजपुरुषाचे खासगी जीवन हाच ऐतिहासिक कादंबरीचा गाभा, अशी समजूत रूढ झाली. ही समजूत तपासावयाची असेल, तर पदव्युत्तर अभ्यासकाने कादंबरीबरोबर सुरत व सालबाई येथील तहांची कलमेही समोर ठेवावीत. कलमांत माणसांची मने दिसत नाहीत आणि कादंबरीत बेटांची नावे मागे पडतात. कारस्थानाची कादंबरी प्रौढ होईल ती या दोहोंचा संबंध जोडणाऱ्या लेखकाच्या हातून.