रक्ताभिसरणाचे पाठ्यग्रंथ : एक परामर्श

वैद्यकाच्या प्रथम वर्षात जे जे शिकवले जाते त्यात हृदय आणि रक्ताभिसरण हे प्रकरण ज्याला नीट उमगले, त्याला पुढे रुग्णशय्येपाशी उभे राहिल्यावर धाप, सूज, नाडी आणि रक्तदाब यांचा परस्परसंबंध लावता येतो. आणि ज्याने ते केवळ परीक्षेपुरते कंठस्थ केले, त्याला पदवी हाती आल्यानंतरही त्याच चार लक्षणांपुढे चाचपडावे लागते. असे असता हे प्रकरण कोणत्या ग्रंथातून शिकावे याचा विचार आपल्याकडे फार थोडा होतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याची शिफारस, पुस्तकविक्रेत्याचा सल्ला आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका या तीन गोष्टींवर निवड ठरून जाते. नांदेड आणि लातूर येथील विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून प्रचलित ग्रंथांचे गुणदोष तपासावेत आणि निवडीची काही निश्चित कसोटी सुचवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठवाड्यात वैद्यकीय शिक्षणाची सोय उशिरा झाली. निजामी अमलात या मुलखातील ज्या तरुणाला डॉक्टर व्हायचे असे त्याची स्वाभाविक वाट हैदराबादची होती. तेथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरवले होते आणि त्याच्या अनुवाद खात्याने वैद्यकाचे इंग्रजी ग्रंथही उर्दूत उतरवण्याचे काम हाती घेतले होते. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले, तो शिरस्ता संपला आणि इंग्रजी माध्यम कायम झाले. पुढे औरंगाबादेस १९५६ साली, अंबाजोगाईस सत्तरीच्या दशकात, नांदेडला १९८८ साली, लातूरला खाजगी संस्थेचे १९९० साली आणि सरकारी २००२ साली, अशी वैद्यकीय महाविद्यालये क्रमाक्रमाने निघाली. आज नांदेडच्या महाविद्यालयाच्या विष्णुपुरी येथील आवारात किंवा लातूरच्या सरकारी संस्थेत प्रवेश घेणाऱ्या मुलांत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली, घरात पहिल्यांदाच वैद्यकाकडे वळलेली मुले कमी नाहीत, आणि ही गोष्ट या भागाला भूषणावह आहे.

या मुलांची पूर्वतयारी कशी झालेली असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परीक्षातयारीच्या पद्धतीने शिस्त, चिकाटी आणि उजळणीची सवय लावली, हे त्याचे ऋण मान्यच करावे लागेल. परंतु वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातील शरीरद्रव आणि अभिसरण यांवरील प्रकरण ओळ न् ओळ मुखोद्गत करणारा विद्यार्थी, पुस्तकातील प्रत्येक वाक्य म्हणजे एका बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर, अशा समजुतीने वाचायला शिकतो. शरीरक्रियाविज्ञानात ही समजूत निरुपयोगी ठरते, कारण येथे एक वाक्य दुसऱ्याचे कारण असते आणि दुसरे तिसऱ्याचे. भरीस भर म्हणजे बेडकाच्या हृदयाचे ठोके काजळी धरलेल्या फिरत्या पिंपावर रेखून घेण्याचे जुने प्रयोग आता बंद झाले आहेत. प्राण्यांचा जीव वाचला हे उचितच झाले. पण हृदय डोळ्यांनी पाहून जे कळत असे त्याचाही भार आता ग्रंथावरच पडला आहे.

ग्रंथांचा आढावा घेऊ गेल्यास जुन्या पिढीचे दोन आधार प्रथम आठवतात : १९२६ साली निघालेला सॅमसन राइट यांचा ग्रंथ आणि १९३७ सालचा बेस्ट व टेलर यांचा. दोहोंत प्रयोगाचा पुरावा देऊन मगच सिद्धांत मांडण्याची पद्धत होती. ते आज कालबाह्य झाले असले तरी त्यांची ती शिस्त कालबाह्य झालेली नाही. औरंगाबादचे महाविद्यालय ज्या १९५६ साली सुरू झाले त्याच वर्षी अमेरिकेत आर्थर गायटन यांच्या पाठ्यग्रंथाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पोलिओमुळे शल्यचिकित्सेचा मार्ग बंद झालेल्या या अध्यापकाने आपल्या व्याख्यानांतून तो ग्रंथ घडवला आणि रक्ताभिसरण हाच त्याच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय असल्यामुळे त्या ग्रंथातील अभिसरणाची प्रकरणे सर्वांत सरस उतरली. त्याच्या पृष्ठसंख्येला विद्यार्थी भितात. परंतु त्याची इंग्रजी साधी, कथनाच्या अंगाने जाणारी आणि पायरीपायरीने समजावणारी आहे, म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या वाचकाला पानांनी लहान असलेल्या कित्येक पुस्तकांपेक्षा तीच सुगम वाटते. याउलट १९६३ पासून प्रचलित असलेला गॅनाँग यांचा ग्रंथ संक्षिप्त, नेमका आणि विद्वत्तापूर्ण आहे. ज्याला विषय एकदा कळला आहे त्याच्या उजळणीस तो उत्तम, पण प्रथमच वाचणाऱ्यास त्यातील प्रत्येक परिच्छेद आधी उलगडून घ्यावा लागतो.

भारतीय ग्रंथांना दुय्यम लेखण्याची जी प्रथा आहे ती न्याय्य नाही. ए. के. जैन यांचे दोन खंड, इंदू खुराणा यांचा विस्तृत ग्रंथ, जी. के. पाल यांचा ग्रंथ आणि सेंबुलिंगम दांपत्याचे सुबोध पुस्तक, या सर्वांनी आपल्या अभ्यासक्रमाची चौकट, आपल्या परीक्षेतील दीर्घोत्तरी प्रश्न आणि टिपा, तोंडी परीक्षेत विचारले जाणारे तपशील यांची इमानेइतबारे व्यवस्था लावली आहे. २०१९ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाल्यावर तर असा मार्गदर्शक जवळ असणे अपरिहार्यच झाले. त्यांची सामान्य उणीव एकच, आणि ती गंभीर आहे : विषय मुद्द्यांत, उपमुद्द्यांत आणि तक्त्यांत विभागताना मुद्द्यांना जोडणारे ‘म्हणून’ आणि ‘कारण’ हे शब्द गळून पडतात. रक्तदाबावर परिणाम करणारे दहा घटक विद्यार्थी अचूक सांगतो. परंतु त्यांपैकी एक बदलला असता उरलेल्या नवांचे काय होईल, हे त्याला सांगता येत नाही. आर. एल. बिजलानी यांचा ग्रंथ या दोषापासून बराच मुक्त आहे आणि तो अधिक वाचला जावा.

कोणताही ग्रंथ घेण्यापूर्वी त्याला तीन कसोट्या लावाव्यात, असे मी सुचवतो. पहिली कसोटी ही की, रक्ताभिसरण हे एक बंद वर्तुळ आहे याचे भान ग्रंथकाराने अखेरपर्यंत राखले आहे काय? विल्यम हार्वे यांनी १६२८ साली मांडलेला युक्तिवाद मूलतः हिशेबाचाच होता : प्रत्येक ठोक्याला हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याची बेरीज केली तर अर्ध्या तासातच ती शरीरातील एकूण रक्तापेक्षा अधिक भरते, तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. आजचे आकडे घेतले तर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. आणि शरीरातील सारे रक्तही जवळपास तेवढेच. विहिरीला झरा असेल तितकेच पाणी मोटेने उपसता येते, त्याप्रमाणे नीलांतून परत येईल तितकेच रक्त हृदय पुढे धाडू शकते, हा विचार गायटन यांनी १९५५ साली आलेखांच्या साह्याने प्रतिपादिला. त्यावर १९७९ साली मॅथ्यू लेव्ही यांनी आक्षेप घेतला : नीलांतील दाब हे प्रवाहाचे कारण नसून परिणाम आहे, आणि वर्तुळात कारण कोणते व कार्य कोणते हे इतक्या सहजी ठरवता येत नाही. बर्न आणि लेव्ही यांचा ग्रंथ गायटनच्या जोडीने वाचणाऱ्याला हा वाद प्रत्यक्ष अनुभवता येतो, आणि शास्त्र हे सिद्ध वाक्यांचे भांडार नाही, हे त्याला प्रथमच कळते.

दुसरी कसोटी केशवाहिन्यांची. रोहिणीकडील टोकाला द्रव बाहेर झिरपतो आणि नीलेकडील टोकाला पुन्हा आत शोषला जातो, असे बहुसंख्य पाठ्यपुस्तकांत स्टार्लिंग यांच्या नावावर सांगितले जाते. परंतु केशवाहिनीच्या आतील शर्करायुक्त अस्तराचा अभ्यास झाल्यावर हे चित्र पालटले आहे. बहुतेक ऊतींमध्ये असे शोषण स्थिर अवस्थेत टिकत नाही आणि झिरपलेला द्रव मुख्यतः लसीकावाहिन्यांनीच परत येतो, असे आता मानले जाते. हा सुधारित सिद्धांत सर्वांत स्पष्टपणे रॉडनी लेव्हिक यांच्या, केवळ अभिसरणालाच वाहिलेल्या आणि १९९१ साली प्रथम निघालेल्या ग्रंथात मिळतो. त्याची अलीकडील आवृत्ती हेरिंग आणि पॅटरसन यांनी सिद्ध केली आहे. नव्या आवृत्तीवर नवे साल छापणारा ग्रंथ खरोखर नवा आहे की नाही, हे पाहण्यास एवढे एकच प्रकरण उघडावे.

तिसरी कसोटी आपल्या भूमीची आहे : येथील रुग्णाची लक्षणे उलगडण्यास तो ग्रंथ उपयोगी पडतो काय? मूळचे जालना जिल्ह्यातील आणि महाड येथे आयुष्य वेचलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर जे कार्य केले, ते म्हणजे शरीरक्रियाविज्ञान रुग्णाच्या उपयोगी कसे पडते याचा आदर्श दाखलाच होय. विंचवाच्या विषाने मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात, अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा रक्तात लोंढा येतो, सूक्ष्म रोहिणी आकुंचन पावतात. वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर तिचा रोध सोळापट होतो, या नियमानुसार हृदयावरील ताण एकाएकी वाढतो; हातपाय थंड पडतात, डावा कप्पा थकतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. ही साखळी ज्याच्या ध्यानी आली त्यालाच वाहिन्यांचे आकुंचन सोडवणारे प्रॅझोसिन हे औषध सुचू शकते. त्याविषयीचा बावस्कर दांपत्याचा निबंध १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पांडुरोगाने खंगलेल्या गरोदर स्त्रीचे हृदय जलद का चालते, उन्हाळ्यात शेतात काम करणाऱ्याला उभ्या उभ्या भोवळ का येते, या प्रश्नांचीही उत्तरे देण्याइतके सामर्थ्य ग्रंथाने वाचकाला दिले पाहिजे. मोहरमन आणि हेलर यांचे लहानसे पुस्तक या दृष्टीने फार उपकारक आहे. प्रत्येक प्रकरणानंतरचे त्यातील प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत.

माध्यमाचा प्रश्न येथे टाळता येणार नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ सालीच मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्ग निघाला होता; मध्य प्रदेश सरकारने २०२२ साली प्रथम वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली. संपूर्ण पाठ्यग्रंथाच्या भाषांतरापेक्षा आज निकड आहे ती, इंग्रजी संज्ञा तशाच ठेवून त्यांच्यामागील कार्यकारणभाव स्वच्छ मराठीत उलगडणाऱ्या दीड-दोनशे पानांच्या सोबत्याची. इंग्रजी वाक्याचा अर्थ लावण्यातच ज्याची शक्ती खर्ची पडते, त्याच्यापाशी विचाराला शक्ती उरत नाही.

सारांश, माझा अभिप्राय असा : परीक्षेसाठी एक भारतीय ग्रंथ, तोही आपल्या अध्यापकांच्या विचाराने, प्रत्येकाने स्वतःचा घ्यावा, अभिसरणाची प्रकरणे मात्र गायटनमधून एकदा आद्यंत वाचावीत, आणि ज्याला या विषयाची गोडी लागेल त्याने मोहरमन-हेलर किंवा लेव्हिक यांपैकी एक ग्रंथ ग्रंथालयातून मिळवून पुरता करावा. ग्रंथालयांनी एकाच पुस्तकाच्या प्रतींची संख्या वाढवण्याऐवजी या विशेष ग्रंथांच्या मोजक्या प्रती खरेदी कराव्यात. आणि नांदेड-लातूरच्या ज्या अध्यापकांनी मराठी शाळेतून येऊनच हा विषय आत्मसात केला आहे, त्यांनी तो मराठी सोबती लिहायला घ्यावा, अशी त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. त्या कामाचा अधिकार त्यांच्याइतका अन्य कोणाचाही नाही.