बाराबंदी, कंचुकी आणि कॉर्सेट : एका सणाच्या पोशाखाचे नामकरण

सणासमारंभांत ‘ऐतिहासिक’ म्हणून मिरविल्या जाणाऱ्या पोशाखांत अलीकडे एका नव्या वस्त्राची भर पडली आहे. पैठणीच्या किंवा खणाच्या कापडाचे, युरोपीय कॉर्सेटच्या घाटाने शिवलेले, दोऱ्यांनी आवळलेले हे वरवस्त्र नऊवारीवर वा घेरदार झग्यावर घालतात. त्याची ओळख करून देताना कोणी ‘पेशवाई’ हे विशेषण योजतात, तर कोणी ‘कंचुकी’ हा जुना शब्द पुढे करतात. वस्त्र सुंदर आहे की नाही, हा प्रश्न येथे गौण होय. ज्या शब्दांच्या आधारे त्याला इतिहास बहाल केला जातो, ते शब्द तो भार सोसू शकतात काय, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम ‘कंचुकी’ हा शब्द घ्यावा. संस्कृतात ‘कञ्चुक’ म्हणजे अंगाला लपेटून बसणारे आवरण. चिलखत आणि सर्पाची कात हेही त्याचे अर्थ आहेत. संस्कृत नाटकांतील कंचुकी हा अंतःपुरातील वृद्ध अधिकारी. कञ्चुक धारण करणारा म्हणून त्याला हे नाव मिळाले. मराठीत मात्र कंचुकी म्हणजे चोळी. या सर्व अर्थांत ‘अंगाशी लागून असणे’ हा धागा समान आहे. अंगाला नवा आकार देणे ही कल्पना त्यांत कोठेच नाही. कात सापाच्या आकाराची असते, साप कातीच्या आकाराचा होत नाही. कॉर्सेटची रीत नेमकी उलट आहे.

‘कॉर्सेट’ या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधील ‘शरीर’ या अर्थाचा शब्द आहे. आपल्या ‘अंगरखा’, ‘अंगी’, ‘अंगडे’ या शब्दांशी त्याचे अर्थसाम्य लक्षणीय आहे. परंतु साम्य येथेच संपते. युरोपात या वस्त्रात देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्या आणि पुढे पोलादी पट्ट्या बसविल्या जात. एकोणिसाव्या शतकात दोरी ओवण्याच्या छिद्रांना धातूच्या कड्या आल्यावर कापड न फाटता ती अधिक जोराने ओढता येऊ लागली. तात्पर्य, तेथे आकार आधी ठरलेला असतो आणि देहाला त्यात बसावे लागते.

मराठी पोशाखातील ‘बंद’ निराळे काम करतो. हा शब्द संस्कृत ‘बन्ध’ व फारसी ‘बंद’ या दोहोंच्या सीमेवर उभा आहे, आणि ते दोन्ही शब्द मुळात एकाच धातूची भावंडे आहेत. अंगरख्याचा किंवा बाराबंदीचा एक पदर दुसऱ्यावर येतो व बंदांनी बांधला जातो. अंग भरले तर गाठ सैल बांधावी, रोडावले तर घट्ट. बंद वस्त्राला अंगाशी जुळवून घेतो. कॉर्सेटची दोरी अंगाला वस्त्राशी जुळवून घेते. दोन्हींत दोरी आहे म्हणून दोन्ही एक मानणे, म्हणजे साधन पाहून प्रयोजन विसरणे होय.

या परंपरेची जिवंत साक्ष सोलापुरात मिळते. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, भोगीच्या दिवशीचा अक्षता सोहळा आणि संक्रांतीचा होमविधी असा तिचा क्रम आहे. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांशी निगडित असलेल्या या सोहळ्यात हजारो भाविक पांढरीशुभ्र बाराबंदी घालून चालतात. वर्षातून एकदाच अंगावर चढणारा हा पोशाखही आज व्यवहारातून गेलेलाच आहे. मग त्याला ऐतिहासिक म्हणावे आणि नव्या वरवस्त्राला म्हणू नये, हा पक्षपात नव्हे काय? हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. परंतु त्याचे उत्तर बाराबंदीच्या प्राचीनतेत नसून तिच्या नावात आहे. तेथे बंद बांधलाच जातो. नाव, रचना आणि क्रिया यांची फारकत झालेली नाही.

वस्त्र अंगावर अडकविण्याच्या साधनांची मराठी नावे हाच एक इतिहास आहे. ‘बंद’ जुना, ‘बटण’ आणि ‘काज’ युरोपीय भाषांतून आलेले, ‘चेन’ इंग्रजीतून उचललेली. प्रत्येक नव्या साधनाबरोबर त्याचे नावही भाषेने प्रामाणिकपणे घेतले. बटणाला बंद म्हणण्याचा खटाटोप शिंप्याने केला नाही. नव्या वरवस्त्राच्या बाबतीत हा प्रामाणिकपणा सुटलेला दिसतो. पाठीमागे चेन आणि पुढे केवळ शोभेची दोरी अशी शिलाई झाली, तर ‘बंद’ हा शब्द अलंकारापुरताच उरतो.

स्त्रियांच्या पोशाखात खरा पूर्वज शोधावयाचाच तर तो दूर नाही. समोर गाठ मारावयाची खणाची चोळी हे उत्तर घराघरांतील पेटीत होते. कापडाच्या दोन टोकांची एक गाठ सारा आधार देते. पट्ट्या नाहीत, कड्या नाहीत. बांधणारीचा हात स्वतःच्या गाठीपर्यंत पोचतो. पाठीवर आवळल्या जाणाऱ्या कॉर्सेटला बहुधा दुसऱ्याचा हात लागतो. हा फरक केवळ शिवणकामाचा नाही; आपल्या अंगावरील वस्त्र सैल करण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

नवे वरवस्त्र शिवू नये असा याचा अर्थ नव्हे. पोशाख बदलतात, आणि उसना घाट देशी कापडावर खुलूनही दिसतो. त्याला ‘कॉर्सेट’ म्हणावे. बटणाप्रमाणे तो शब्दही मराठीत रुळेल. मात्र ‘पेशवाई’ व ‘कंचुकी’ ही नावे त्यावर चढविल्याने वस्त्राला इतिहास लाभत नाही, उलट शब्दांचा इतिहास पुसला जातो. उद्याच्या अभ्यासकाला कोशात कंचुकीचा अर्थ ‘कंबर आवळणारे वस्त्र’ असा मिळाला, तर गाठीची चोळी बांधणाऱ्या पिढ्यांविषयी त्याचा जो गैरसमज होईल, त्याची जबाबदारी आजच्या नामकरणावर राहील.