सातबाऱ्यावर कोरी जागा कोण सोडणार? डिव्हाइस ट्रीच्या आकाराबद्दल एक तक्रार

बोर्ड सुरू केला, सीरियल केबलवर बूटलोडरचा मजकूर धावला, शेवटी ‘स्टार्टिंग कर्नल’ अशी ओळ आली आणि पुढे काहीच नाही. एरर नाही, रिबूट नाही, नुसती शांतता. लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या बोर्डांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना हे दृश्य पाठ असतं. कुणाला विचारलं तर एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘डीटीबी मोठी झाली असेल.’ उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. मोठी म्हणजे कोणाच्या हिशेबाने मोठी? हा हिशेब कुठे लिहून ठेवलाय? माझी आजची टीका त्यावर आहे, आणि ती मुख्यतः डिव्हाइसट्री स्पेसिफिकेशन या दस्तऐवजावर आहे. २०१६ साली त्याची पहिली आवृत्ती आली, २०२३ मध्ये ०.४ आली. दस्तऐवज एरवी चांगला आहे. म्हणूनच त्यातली ही एक गप्प बसलेली जागा जास्त खटकते.

आधी डिव्हाइस ट्री म्हणजे काय ते सांगते. लॅपटॉपमध्ये कर्नल बऱ्याचशा भागांना ‘तू कोण’ असं विचारू शकतो. मोबाइलच्या किंवा छोट्या बोर्डाच्या चिपमध्ये तसं विचारायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. सीरियल पोर्ट कोणत्या पत्त्यावर आहे, घड्याळ कुठून येतं, कोणती पिन कशाला जोडली आहे, हे कुणीतरी लिहूनच द्यावं लागतं. हे लिहिणं म्हणजे डिव्हाइस ट्री. नव्याने बदली होऊन आलेल्या तलाठ्याला गाव माहीत नसतं. त्याच्या हातात गावनकाशा आणि सातबारे देतात, तसाच हा प्रकार. लिहिलेला मजकूर डीटीसी नावाचा कंपायलर बायनरी रूपात आणतो, ती डीटीबी फाइल. बूटलोडर ती मेमरीत ठेवतो आणि तिचा पत्ता कर्नलला देतो.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बूटलोडर हा नुसता पोस्टमन नाही. तो या कागदावर स्वतःच्या नोंदी करतो: कर्नलला द्यायच्या सूचना, रॅमडिस्क कुठून कुठपर्यंत आहे, रॅम किती आहे, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता. म्हणजे सातबारा तलाठ्याच्या हाती पडण्याआधी मधला माणूस त्यावर फेरफार चढवतो. त्यासाठी कागदावर कोरी जागा लागते.

आता फाइलच्या सुरुवातीचं हेडर बघा. चार-चार बाइटच्या दहा नोंदी, एकूण ४० बाइट. पहिली नोंद ओळख पटवण्यासाठी असलेली जादुई संख्या, दुसरी एकूण आकाराची. स्पेसिफिकेशन म्हणतं की या एकूण आकारात सगळे विभाग यावेत, शिवाय विभागांमधली आणि शेवटच्या विभागानंतरची मोकळी जागाही यावी. म्हणजे मोकळी जागा असू शकते, हे त्यांना ठाऊक आहे. पण ती किती असावी, कुणी सोडावी, कमी पडली तर काय करायचं, यावर एक ओळ नाही. कंपायलरला सांगितल्याशिवाय तो शेवटी फालतू जागा सोडत नाही. मग बूटलोडर नोंद करायला जातो आणि त्याच्या लायब्ररीकडून ‘जागा नाही’ असा नकार येतो.

यू-बूटने यावर स्वतःपुरता तोडगा काढला आहे. कर्नलला देण्याआधी तो झाडाची नक्कल दुसऱ्या जागी करतो आणि वर जादा जागा ठेवतो; मूळ ठरलेला आकडा १२ किलोबाइट. पुष्कळदा तेवढं पुरतं. पण ही हलवाहलव बंद करायची सोय आहे, आणि बोर्ड बनवणाऱ्या बऱ्याच जणांनी ती सर्रास वापरली. तसं केलं की झाड जिथे आहे तिथेच राहतं. वाढायचं म्हटलं तर शेजारी जे असेल त्यावर पाय पडतो. आमच्याकडे भंडाऱ्यात वरच्या बांधीचं पाणी पाळ फोडून खालच्या बांधीत शिरलं तर निदान दिसतं तरी. इथे रॅमडिस्कचे चार बाइट पुसले गेले, तर ते कळतं दोन मिनिटांनी आणि भलत्याच एररच्या रूपात.

स्पेसिफिकेशनच्या बाजूने एक बचाव करता येतो: मेमरीची मांडणी प्रत्येक प्रोसेसरची वेगळी, ती सामायिक दस्तऐवजात कशी घालणार? मला हा बचाव पटत नाही, आणि कारण याच दस्तऐवजाच्या वंशावळीत आहे. हा दस्तऐवज पॉवर प्रोसेसरसाठी २००८ साली आलेल्या ईपापरवर उभा आहे. ईपापरमध्ये बूट करणारा प्रोग्राम एका रजिस्टरमधून झाडाचा पत्ता द्यायचा आणि दुसऱ्यातून, सुरुवातीला मेमरीचा किती भाग मॅप केलेला आहे, त्याचा आकार द्यायचा. म्हणजे देणारा घेणाऱ्याला सांगत होता की इतक्या अंगणात मी तुझं सामान ठेवलंय. सर्वांना लागू व्हावं म्हणून नव्या दस्तऐवजातून प्रोसेसरविशिष्ट भाग काढले गेले, त्यात हेही गेलं. रजिस्टर काढणं ठीक. पण ‘आकार सांगितला पाहिजे’ हे तत्त्व काही पॉवरपुरतं नव्हतं.

६४ बिट आर्मसाठी लिनक्सचा बूटिंगवरचा दस्तऐवज याच्या उलट आहे. तो दोन वाक्यांत सांगतो: झाड ८ बाइटच्या सीमेवर ठेवा, २ मेगाबाइटपेक्षा मोठं नको. कारणही देतो, मेमरी २ मेगाबाइटपर्यंतच्या तुकड्यांत मॅप होते म्हणून. ४.२ आवृत्तीच्या आधी नियम जास्त कडक होता, झाडाने २ मेगाबाइटची सीमा ओलांडायची नाही. म्हणजे जुन्या कर्नलवर पन्नास किलोबाइटचं छोटंसं झाडही चुकीच्या जागी ठेवलं तर चालायचं नाही. ‘डीटीबी मोठी झाली’ हे उत्तर अर्धवट आहे असं मी म्हणाले, ते यासाठी. आकार आणि जागा यांचा हिशेब एकत्र करावा लागतो.

हा हिशेब सवयीने कसा ठरत जातो याचं आपल्या घरचं उदाहरण आहे: आकाश टॅब्लेट. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश-२ आला, मागे आयआयटी मुंबई आणि डॉ. दीपक फाटक यांचं काम. आत ऑलविनर ए१३ चिप आणि ५१२ मेगाबाइट रॅम. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी त्यावर एसडी कार्डावरून चालणारं जीएनयू/लिनक्सही बसवलं. ऑलविनरच्या तेव्हाच्या कर्नलमध्ये डिव्हाइस ट्री नव्हती. त्याजागी स्क्रिप्ट डॉट बिन नावाची त्यांची स्वतःची फाइल होती, काम साधारण तेच. ती बूटलोडरने हेक्स ४३०००००० या पत्त्यावर ठेवायची आणि कर्नलने तिथे ६४ किलोबाइट राखून ठेवायचे, असं ठरलेलं. पुढे मूळ लिनक्समध्ये ए१३ चिप आली ती डिव्हाइस ट्री घेऊन. आणि यू-बूटने या चिपांसाठी झाडाचा पत्ता कोणता धरला? तोच, ४३००००००. फरक इतकाच की आता एका कॉमेंटमध्ये हिशेब मांडलाय: ३२ मेगाबाइट उघडलेला कर्नल, १६ मेगाबाइट दाबलेला, मग १ मेगाबाइट झाडासाठी. ती कॉमेंट मला फार आवडते. पण आहे ती कॉमेंटच. बूटलोडरच्या सोर्समधल्या हेडर फाइलीत पडलेली. कर्नल तिला वाचत नाही, स्पेसिफिकेशनला तिचा पत्ता नाही. उद्या कर्नल उघडल्यावर ३२ मेगाबाइटच्या पुढे गेला तर त्याला कोण अडवणार?

झाड फुगतं कशाने, तेही थोडक्यात. एक तर मूळ लिनक्समध्ये चिपचे जास्त भाग वर्णन होऊ लागले की नोंदी वाढतात. दुसरं कारण ओव्हरले, म्हणजे वरून जोडायचे तुकडे. रास्पबेरी पायवर सेन्सर जोडणाऱ्यांनी वापरलेच असतील. ते जोडता यावेत म्हणून मूळ झाडात प्रत्येक लेबलचा पूर्ण पत्ता लिहून ठेवावा लागतो. त्याने फाइल चांगलीच जाड होते, म्हणून कर्नलमध्ये हे सरसकट सगळ्या बोर्डांसाठी चालू केलेलं नाही. आणि यू-बूटमध्ये ओव्हरले हाताने जोडताना आधी ‘झाडाला इतकी जागा वाढव’ असा हुकूम द्यायचा असतो. विसरलात, आणि जोडणी मध्येच फसली, तर मूळ झाडही वापरण्यालायक राहत नाही. लायब्ररीचं दस्तऐवजीकरण हे स्पष्ट सांगतं, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

हे सगळं मला महत्त्वाचं वाटतं ते माझ्या कामामुळे. मामा तलावांच्या पाण्याची पातळी नोंदवणारी छोटी यंत्रं हा माझ्या पीएचडीचा एक भाग. अशा यंत्रांचा कर्नल दुरून बदलता येतो. बूटलोडर मात्र कारखान्यातून आला तोच शेवटपर्यंत राहतो, कारण त्याला हात लावणं जोखमीचं. नवा कर्नल आपलं नवं, जाड झाड घेऊन येतो आणि त्याची गाठ दहा वर्षं जुन्या हिशेबाशी पडते. जमलं नाही तर पाळीवर लॅपटॉप आणि सीरियल केबल घेऊन कुणीतरी जायचं, तेही पावसाळ्यात. बूटलोडर ‘माझ्याकडे इतकीच जागा आहे’ असं ठरलेल्या पद्धतीने सांगू शकला असता, तर अपडेट पाठवण्याआधीच थांबवता आलं असतं.

यूईएफआय वापरणारे म्हणतील, आमच्याकडे हा प्रश्न नाही. तिथे फर्मवेअर मेमरी रीतसर मागून घेतं, झाड तिथे ठेवतं आणि पत्ता एका तक्त्यात नोंदवतं. मान्य, जागेचा गोंधळ बराच मिटतो. पण मग झाडच फर्मवेअरच्या पोटात जातं, आणि जुनं झाड नव्या कर्नलला कळेल का हा वेगळा वाद सुरू होतो. त्यावर पुन्हा कधीतरी.

तुमच्या बोर्डापुरतं बघायचं असेल तर सोपं आहे. चालू लिनक्समध्ये सिस फोल्डरच्या आत फर्मवेअर, त्यात एफडीटी नावाची फाइल असते. कर्नलच्या हातात प्रत्यक्ष पडलेलं झाड ते. तिचा आकार कार्डावरच्या डीटीबीशी ताडून बघा, मग दोन्ही फाइली डीटीसीने उलट मजकुरात आणून शेजारी ठेवा. बूटलोडरने मधल्या मध्ये कोणते फेरफार चढवले ते ओळीओळीने दिसेल. मग तुमच्या बूटलोडरमध्ये झाडाचा पत्ता आणि त्याच्या पुढच्या गोष्टीचा पत्ता शोधून वजाबाकी करा. जो आकडा येईल तो बोर्डाच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवा, कारण दुसरीकडे कुठेही तो लिहिलेला सापडणार नाही.