याकोबाची विहीर, महाडचं तळं आणि ‘स्मृतिचित्रे’

मराठी बायबलमध्ये चर्चसाठी ‘मंडळी’ असा शब्द आहे. ‘मंडळी जेवायला बसली’ म्हणताना आपण वापरतो तोच. त्यामुळे ‘चर्च कसं आहे?’ या प्रश्नाचा अर्थ मराठीत आपोआप ‘कोण कोण जमलंय आणि कोण कोणाच्या पंगतीला आहे?’ असा होतो. हा शब्द डोक्यात ठेवून मी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचलं. या पुस्तकाबद्दल बोलताना लोक लक्ष्मीबाईंचा विनोद, टिळकांचा विक्षिप्तपणा आणि नवरा-बायकोची भांडणं सांगतात. ते सगळं आहेच. पण मला हे पुस्तक पहिल्या पानांपासून पाण्याबद्दलचं वाटलं.

सुरुवातच बघा. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, अगदी मीठसुद्धा. मीठ धुतलं तर उरणार काय? लक्ष्मीबाई हे सगळं हसत हसत सांगतात, पण त्या घरातल्या बायकांचे हात दिवसभर पाण्यात असणार, हे वाचताना विसरता येत नाही. इथे पाण्याचं काम एकच, माणसाचा स्पर्श पुसून काढणं.

पुढे १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तिथेही पाणीच. संसार तुटला, काही वर्षांनी पुन्हा जुळला. लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण त्यांनी आपलं खाणंपिणं वेगळं ठेवलं. मग एका टप्प्यावर त्या स्वतःशीच वाद घालतात. जात देवाने केली की माणसाने? उत्तर सापडतं आणि त्या कोणाच्याही हातचं खायला-प्यायला लागतात. ना आकाशवाणी, ना डोंगरावरचा साक्षात्कार. बाईंच्या आयुष्यातला सर्वात लांबचा प्रवास घरातल्या घरात, पाण्याच्या भांड्यापर्यंत झाला. नंतर दुष्काळ, प्लेग, अनाथ पोरं, वेळी-अवेळी येणारे पाहुणे आणि त्यांना पुरवून उरणारा स्वयंपाक अशी ‘मंडळी’ पुस्तकात गोळा होत जाते, ती या घोटानंतर.

हे मला इतकं का लागलं? मी पोलादपूरचा. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात जिचं पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात, ती सावित्री घाट उतरून आमच्याकडे येते आणि पुढे महाडला जाते. महाडमध्ये मात्र तळ्याच्या पाण्याला हात लावायला माझ्या पणजोबांच्या पिढीला बंदी होती. नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं त्या तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर मारहाण झाली आणि शेण-गोमूत्राने तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. मीठ धुणारा एक माणूस लक्ष्मीबाईंनी दाखवला, इथे अख्खं गाव पाणीच धुवायला निघालं. त्याच डिसेंबरमध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: या तळ्यावर परधर्मीयांना मनाई नाही, गुराढोरांनाही नाही, फक्त आम्हाला आहे. कोर्टातला निकाल हायकोर्टात पक्का व्हायला १९३७ उजाडलं. ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून येत होते, तेव्हा आमचं तळं अजून कोर्टातच होतं.

आता बायबलमधली एक गोष्ट. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी दमून याकोबाच्या विहिरीपाशी बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. म्हणजे विटाळ मानणाऱ्या बाजूचा माणूस भांडं पुढे करतोय. महाडच्या वाचकाला इथे तळटीप लागत नाही. पुढे ती बाई तीर्थक्षेत्राचाच प्रश्न विचारते. उपासना नेमकी कुठे करायची, आमच्या डोंगरावर की यरुशलेमेत? येशू दोन्ही पर्याय बाजूला ठेवतो. आधी पाणी, मग तीर्थक्षेत्र, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

ही विहीर आजही आहे, पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुस शहरात, एका ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या पोटात. नगरकडच्या माझ्या एका मित्राच्या मंडळीतले लोक पवित्र भूमीच्या टूरला जाऊन आले. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले: बेथलेहेम, गालील समुद्रातली होडी, यार्देन नदीत पांढऱ्या झग्यातले काका-काकू, नदीच्या पाण्याच्या बाटल्या. याकोबाची विहीर यादीत नव्हती.

मला या टूरची टिंगल करायची नाही. दर २० मार्चला आमचीही माणसं लांबून महाडला येतात, ओंजळभर पाणी पितात, तळ्याकाठी सेल्फी काढतात. वाचलेली जागा पायाखाली आल्यावर माणसाला काय होतं, ते मला माहीत आहे. बायबलमध्ये तर यात्रेकरूंची आरोहणस्तोत्रंच आहेत, आणि त्यांतलं एक भावांनी एकत्र राहण्यातल्या सुखाबद्दल आहे. पण म्हणूनच प्रश्न परतल्यावरचा आहे. यार्देनची बाटली कपाटात ठेवून मंडळीत सोयरीक मात्र जुनी जात बघूनच जुळत असेल, तर प्रवास झाला, यात्रा झाली नाही. आणि आम्ही २१ मार्चला आमच्यातल्याच पोटजाती मोजत बसलो, तर आमचंही तेच.

इथेच ‘स्मृतिचित्रे’ची मर्यादा बोलायला हवी. लक्ष्मीबाईंनी जात सोडली, त्याची किंमत मोजली. पण सोडायला त्यांच्याकडे वरचं काहीतरी होतं. नगर भागातली बरीचशी मंडळी महार-मांग वस्त्यांतून आली होती. ती माणसं पुस्तकात प्रेमाने येतात, बाईंच्या स्वयंपाकघरात वावरतात, पण आपल्या तोंडाने फारसं बोलत नाहीत. ‘मी तुमच्या हातचं पाणी प्यायले’ हे आपल्याला कळतं. ‘बाई माझ्या हातचं पाणी प्यायल्या त्या दिवशी मला काय वाटलं’ हे कळत नाही. योहानाच्या गोष्टीत निदान ती शोमरोनी बाई उलट प्रश्न विचारते, वाद घालते आणि गावाला बोलावून आणते.

शेवटच्या वर्षांत टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि तो प्रयोग वाढायचा राहिला. मंडळीचं दार किती उघडं ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि तो फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ वाचाच, पण हसून झाल्यावर एक काम करा. प्रत्येक प्रकरणात पाणी कोण भरतंय आणि कोण पितंय, तेवढं बघत चला.