नाकासमोर

मी नाकासमोर चालणारा माणूस आहे, असं आमच्या बँकेत माझ्याविषयी सगळेच म्हणतात. त्यात कौतुक किती आणि कीव किती, याचा ताळेबंद मी कधी मांडला नाही. पण वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी या म्हणण्याला निराळाच अर्थ आला. मी सलग तीन आठवडे, संध्याकाळी साडेसहा ते आठ, एका नाकासमोर बसून काढले. नाक प्लास्टरचं होतं आणि मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचं होतं. मूळ पुतळा फ्लॉरेन्सला आहे, १५०४ साली पुरा झालेला, सतरा फूट उंच. त्यामुळे नाकच चांगलं वीतभर. या डेव्हिडचे डोळे, कान, ओठ वेगवेगळे करून जगभरच्या चित्रकलेच्या वर्गांत भिंतीवर टांगलेले असतात. मोडीत काढलेल्या स्कूटरचे पार्ट टांगतात तसे.

वास्तविक मी गेलो होतो कन्येची फी भरायला. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचा तिचा क्लास गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर. ती सुटेपर्यंत दीड तास कुठे काढायचा म्हणून जिना चढलो, तर वर पाटी : ‘रेखाचित्र, रंगचित्र व शिल्प. पारंपरिक पद्धतीने.’ ‘पारंपरिक पद्धतीने’ हे शब्द मी आजवर लाडवांच्या पुड्यावर वाचले होते आणि त्यापुढे किलोमागे शंभर रुपये जास्त असतात हेही मला ठाऊक होतं. तरी आत डोकावलो. एक वयस्कर सर सात-आठ जणांना गप्प बसवून होते. कागद माझ्याही हातात दिला आणि म्हणाले, “तो कान काढा.”

कान काढायला काय लागतं? दोन मिनिटांत काढला. सरांनी पाहिला आणि म्हणाले, “हा कान तुमच्या डोक्यातला आहे. समोरचा कुठाय?”

बँकेत वीस वर्षं मी सह्या पडताळतो. ‘र’चा शेपटा अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर चेक परत पाठवतो. त्या मला, समोरचा कान न बघता कान काढला, असं कुणी म्हणावं! रागारागाने पुन्हा पाहिला. वाचकहो, तो कान माझ्या कानाशी एका बाबतीतही जुळत नव्हता. मी तिथल्या तिथे नाव नोंदवलं.

आता या पारंपरिक पद्धतीविषयी दोन शब्द. सिनेमातला चित्रकार एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिल धरतो, ती मला इतकी वर्षं ऐट वाटत होती. ती ऐट नाही, मोजमाप आहे. कोपर ताठ ठेवायचं, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत नाकाची लांबी पकडायची आणि कपाळात ती कितीदा बसते ते बघायचं. मग ओळंबा. दोऱ्याला नट बांधून समोर धरला, की डोळ्याच्या कोपऱ्याखाली ओठाचा कोपरा येतो की नाही ते कळतं. आधी सगळ्या रेषा सरळ, गोलाई नंतर. छाया देण्यापूर्वी डोळे किलकिले करायचे, म्हणजे बारीकसारीक तपशील पुसले जाऊन उजेड, मध्यम आणि काळोख एवढे तीनच हिशेब उरतात. कोळशाची रेघ उचलायला पावाचा मऊ गर. सरांनी पाव आणायला सांगितला तेव्हा मी चहा करून घेऊन गेलो होतो, ती गोष्ट वेगळी.

या सगळ्यावर मोठमोठ्या माणसांनी घेतलेला आक्षेप असा, की ही निव्वळ नक्कल आहे आणि तीही परक्यांची. आक्षेप पोकळ नाही. सर जमशेटजी जिजीभाईंनी लाख रुपये दिले आणि १८५७ साली मुंबईत त्यांच्या नावाचं कलाशिक्षण सुरू झालं. तिथे आमची मुलं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून हात बसवू लागली. लेणी आपली, मुलं आपली आणि समोर अपोलो! ग्रिफिथ्ससाहेबांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करून घेतल्या हे खरं. पण वर्गातली चाल विलायतीच राहिली. माझा स्वतःचा आक्षेप आणखी साधा आहे. जिवंत माणूस समोर बसवून अभ्यास करण्याचा वर्ग तिथे नीट सुरू झाला तो १९१९च्या सुमारास, ग्लॅडस्टन सॉलोमन आल्यावर. म्हणजे शाळा उघडल्यावर साठेक वर्षांनी. नाक झालं की कान, कान झाला की पाऊल; अख्खा माणूस भेटायचा कधी? आमच्याकडेही एक गृहस्थ चौथ्या वर्षी अजून पावलावरच होते. पाऊल मात्र इतकं गुळगुळीत, की त्याने कोणी चालेल असं वाटेना.

मग याच पद्धतीतून गणपतराव म्हात्रे कसे निघाले? १८९६ साली, विद्यार्थिदशेत, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. देवळाकडे निघालेली नऊवारीतली बाई. फोटोतसुद्धा तिच्या लुगड्याच्या निऱ्या पाहा. अंगाला कुठे चिकटतात, गुडघ्यापाशी कुठे ताणतात, कुठे नुसत्या वजनाने खाली येतात. ग्रीक देवतांच्या वस्त्रांच्या चुण्या ज्याने तासन्‌तास निरखल्या, त्यालाच आपल्या घरातलं लुगडं पहिल्यांदा दिसलं, असं मला वाटतं. चेहरा मात्र मला थोडा साच्यातला वाटतो. या बाईने कधी भाजीवाल्याशी घासाघीस केली असेल यावर माझा विश्वास नाही. पण त्या निऱ्यांवर सही बिनधोक पास.

दुसरं उदाहरण सा. ल. हळदणकरांचं. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, हातातली ज्योत तळव्याने झाकणाऱ्या स्त्रीचं त्यांचं चित्र दिवाळी-कॅलेंडरांमुळे आपल्या घराघरांत पोचलंय. निम्मे लोक ते रविवर्म्याचं म्हणून दाखवतात. रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र १९४५-४६ सालचं. आणि ते जलरंगात आहे! जलरंगात लखलखीत उजेड रंगवता येत नाही. तो कागदाच्या कोऱ्या पांढरेपणातून राखावा लागतो. म्हणजे ज्योत कुठे ठेवायची ते आधी ठरवून तिच्याभोवती काळोख भरत यायचं. खाडाखोड नाही. पूर्वीच्या आमच्या लेजरसारखं. तिथे निदान साहेबांची सही घेऊन तरी सुटता यायचं. उजेड, मध्यम, काळोख हा तीन कप्प्यांचा हिशेब ज्याच्या अंगात भिनला आहे, त्यालाच हे धाडस परवडतं. आणि समोर उभी कोण? त्यांचीच मुलगी, गीता.

आमच्या मुलीला मी हे सांगितलं. ती तेव्हा स्मरणचित्र पाठ करत होती. हो, पाठ! ‘बाजाराचे दृश्य’ सांगितलं तर अमुक भाजीवाली, ‘पोस्ट ऑफिस’ सांगितलं तर तीच भाजीवाली टपाल घेताना. खालच्या क्लासने चार आकृत्या घोटून घेतल्या होत्या. त्यांत सगळा महाराष्ट्र बसत होता. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही तीन आठवडे एक नाक काढताय. एआयला सांगितलं तर चार सेकंदांत अख्खा डेव्हिड काढून देईल. फेटा घातलेला पाहिजे तर तसा.” मला उत्तर सुचलं नाही. माझी उत्तरं तीन-चार महिन्यांनी सुचतात.

या वेळी मात्र ते सुचलं नाही, दिसलं. सर म्हणाले, “आता घरातलं माणूस काढा.” सौ.ला दहा मिनिटं स्थिर बसवणं कुठल्याही परंपरेत बसत नाही. म्हणून मी अण्णांना, म्हणजे वडिलांना बसवलं. वय अठ्ठ्याऐंशी... छे, अठ्ठ्याहत्तर; स्वभावामुळे दहा वर्षं जास्त वाटतात. गेली पाच-सहा वर्षं घरातल्या भांडणांचं पेटंट कारण एकच : अण्णा ऐकत नाहीत. बोललेलं मनावर घेत नाहीत, मधेच भलतंच उत्तर देतात, हाक मारली की मुद्दाम खिडकीबाहेर बघतात. मीही आवाज चढवायचो. शेवटी शेवटी तर बोलणंच सोडलं होतं.

ओळंबा धरला. नाक दोऱ्यापासून सरकलेलं. “अण्णा, मान सरळ.” सरळ केली. मी दोन रेघा मारीपर्यंत मान पुन्हा डावीकडे वळलेली. उजवा कान पुढे. असं पाच वेळा झालं. मी चिडून म्हणालो, “मुद्दाम करताय का?” उत्तर नाही.

ते रेखाटन सरांना दाखवलं. ते म्हणाले, “मान वळवून का बसवलंत?” म्हटलं, बसवली नाही, वळते. “मग शाडूत करा. कागदावर माणूस एका बाजूने चालतो. मातीत त्याच्याभोवती फिरावं लागतं.”

रविवारी शाडूचा गोळा घेऊन मी अण्णांभोवती फिरू लागलो. उजवीकडे असताना ते जोशात १९७४च्या रेल्वे संपाविषयी सांगत होते. मी डावीकडे गेलो, विचारलं, “मग पगार किती दिवस अडकला?” गप्प. खिडकीबाहेर नजर. उजवीकडे येऊन तेच विचारलं. “अरे, तेच तर सांगतोय!” पुन्हा डावीकडे. गप्प. जेवायच्या टेबलावर माझी खुर्ची गेली सहा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला आहे. माझा हात शाडूत तसाच राहिला.

कानाच्या डॉक्टरांनी डावा कान जवळजवळ गेल्याचं सांगितलं. यंत्र बसलं. चार सेकंदांत डेव्हिड काढणारं यंत्र थोर आहे, माझी तक्रार नाही. पण त्याने डेव्हिड काढला, तर बघायचं माझं काम तसंच राहतं. या जुन्या, कंटाळवाण्या, परदेशी साच्याच्या शिक्षणात खरा माल चित्र नाहीच. ते सुटलेल्या साबणासारखं अडगळीत जातं. माल आहे तो डोक्यातला कान बाजूला ठेवून समोरचा बघण्याची सवय. तेवढ्यासाठी मी त्याचे सगळे दोष माफ करायला तयार आहे.

आता अण्णांना सगळं ऐकू येतं. त्यामुळे घरात कुणालाच मनमोकळं बोलता येत नाही.

परवा शाडूचा मुखवटा वाळला. मी तो अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवला, उजव्या हाताला. त्यांनी चष्मा लावून, माझ्यासारखंच सगळीकडून फिरून पाहिला. “कान माझे आहेत,” म्हणाले. “हनुवटी माझी आहे. कपाळ तर बेट्या, हुबेहूब. पण हे नाक कुणाचं रे?”

मी पाहिलं. डेव्हिडचं होतं.