डोराचा नकार : फ्रॉइडप्रणीत अबोध मनाच्या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

व्यक्तिमत्त्वाच्या मनोविश्लेषणात्मक उपपत्तीचा परिचय बहुधा इदम्, अहम् व पराहम् या त्रयीपासून करून दिला जातो. ही त्रयी सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये मांडली. तथापि या उपपत्तीचा खरा कस लागतो तो रुग्णाच्या बोलण्याचा अर्थ लावताना. या दृष्टीने १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘डोरा’चा रुग्णवृत्तान्त महत्त्वाचा आहे. त्याच्या आधारे अबोध मनाच्या संकल्पनेचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वृत्तान्ताचे स्वरूप

डोरा हे फ्रॉइड यांनी दिलेले नाव. या मुलीचे मूळ नाव इडा बाउअर. ऑक्टोबर १९०० मध्ये व्हिएन्ना येथे तिचे उपचार सुरू झाले, तेव्हा तिला अठरावे वर्ष पूर्ण होत होते. खोकला, वाचा जाणे व खिन्नता ही तिची लक्षणे होती. तिच्या वडिलांचे एका कुटुंबस्नेह्याच्या पत्नीशी संबंध होते. वृत्तान्तात या दांपत्याचा उल्लेख ‘के’ असा येतो. सरोवराकाठी श्री. के यांनी डोराकडे प्रणययाचना केली. तिने त्यांच्या थोबाडीत मारली. पुढे श्री. के यांनी हा प्रसंग नाकारला आणि वडिलांनी मुलीऐवजी मित्रावर विश्वास ठेवला. फ्रॉइड यांनी मात्र तिचे कथन खरे मानले, हे त्यांच्या बाजूने नोंदवणे आवश्यक आहे.

अन्वयार्थातील अडचण

घटना खरी मानूनही फ्रॉइड यांनी तिच्या प्रतिक्रियेचा अर्थ उलटा लावला. श्री. के यांनी त्यापूर्वी बळेच घेतलेल्या चुंबनाची तिला किळस आली होती. ती किळस त्यांना दमित कामभावनेचे आणि हिस्टेरियाचे लक्षण वाटली. त्या प्रसंगी आपण चौदा वर्षांची होतो, असे तिने सांगितल्याचे वृत्तान्तात नमूद आहे. तिच्या ‘नाही’तून त्यांनी दमनाची तीव्रता मोजली. होकार आणि नकार दोन्ही एकाच सिद्धान्ताला पुष्टी देत असतील, तर तो सिद्धान्त चुकीचा ठरण्याची वाटच उरत नाही. कार्ल पॉपर यांनी मनोविश्लेषणावर घेतलेला आक्षेप नेमका हाच होय.

या आक्षेपाला फ्रॉइड यांनी १९३७ च्या एका निबंधात उत्तर दिले. रुग्णाचा नकार जसा निर्णायक नसतो, तसा होकारही नसतो. अन्वयार्थाची खातरजमा रुग्णाच्या पुढील साहचर्यांतून अप्रत्यक्षपणे होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे उत्तर तत्त्वतः ग्राह्य मानता येते. परंतु त्यासाठी लागणारा अवधी डोराच्या बाबतीत मिळालाच नाही. ३१ डिसेंबर १९०० रोजी तिने स्वतःहून उपचार थांबवले.

आत्मपरीक्षण व पुढील घटना

संक्रमण, म्हणजे रुग्णाच्या पूर्वीच्या भावनांचा रोख चिकित्सकाकडे वळणे, आपल्या वेळीच लक्षात आले नाही, अशी कबुली फ्रॉइड यांनी उपसंहारात दिली. सौ. के यांच्याविषयीच्या डोराच्या ओढीकडे झालेले दुर्लक्षही त्यांनी मान्य केले. अपयशाची अशी जाहीर नोंद करण्याचा प्रामाणिकपणा विरळा होय. मात्र मुलीच्या नकाराला स्वतंत्र अर्थ असू शकतो, ही शक्यता या कबुलीतही दिसत नाही.

एप्रिल १९०२ मध्ये डोरा फ्रॉइड यांना पुन्हा भेटली. मधल्या काळात तिने के दांपत्याला जाब विचारला होता आणि सरोवराकाठचा प्रसंग श्री. के यांच्याकडून कबूल करून घेतला होता. फ्रॉइड यांनीच नोंदवलेला हा तपशील बोलका आहे. वडीलधाऱ्यांनी सत्य मान्य करावे, ही किशोरवयीन व्यक्तीची मूलभूत गरज असते. एरिक एरिक्सन यांनी १९६२ मध्ये डोराच्या वृत्तान्ताचा या अंगाने पुनर्विचार केला.

समारोप

या वृत्तान्तामुळे अबोध मनाची संकल्पना बाद ठरत नाही. संक्रमणाचा विचार त्यातूनच पुढे आला. मात्र अर्थ लावणाराही अबोध प्रेरणांपासून मुक्त नसतो, हे त्यातून स्पष्ट होते. रुग्णाची लक्षणे वाचण्याचा अधिकार शास्त्राला असला, तरी त्याची साक्ष रद्द करण्याचा अधिकार त्यात अभिप्रेत नाही. व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासक्रमात इदम्, अहम्, पराहम् यांच्या आकृतीबरोबर डोराच्या नकारालाही स्थान मिळणे म्हणूनच अगत्याचे आहे.